जेटची खोळ

दोन हजार तेवीस साल, आणि मला अडुसष्टावं चालू होतं. या वयात आमच्या रत्नागिरीकडचे लोक बहरीन सोडून परत जातात, अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, कुठे निघालास. मी गेलो नाही. मुहर्रकला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. गाड्यांच्या सावल्या, लाँचींच्या खोळी, हॉटेलांच्या दारावरची कापडी छपरं. मुलगा म्हणतो, अब्बा, आता पुरे. मी म्हणतो, तू तुझ्या ऑफिसात पुरे कर, मी माझं बघतो.

शाळा माझी चौथीपर्यंत झाली. हे मीच लिहिलंय. सुनेने ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. तिने काही वाक्यंही चांगली केली होती, ती मी परत होती तशी केली.

मला लढाऊ जेटचा नाद आहे. प्रवासी विमानांचं मला काही नाही, त्या बसगाड्या. आम्ही बुसैतीनला राहतो, गच्चीवरून विमानतळ जवळ. राष्ट्रीय दिनाच्या आधी जेटच्या तालमी सुरू झाल्या की मी दुकान बंद करून गच्चीवर. आवाज येतो त्या बाजूला बघितलं तर आकाश रिकामं असतं, जेट पुढे निघून गेलेलं. आवाजाच्या पुढे बघायचं, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. आवाज मागे कसा राहतो, त्याला कोण अडवतं, हे मी कितीतरी लोकांना विचारलं. प्रत्येकाने सांगितलं, आणि एकाचंही मला पटलं नाही.

असाच नाद असलेला एक वसईकर माझ्या दुकानात आला. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा. सुट्टीच्या दिवशी हातभर लांब लेन्स घेऊन जेटचे फोटो काढत हिंडायचा. त्या लेन्सची पिशवी शिवून घ्यायला आला होता. माझ्या भिंतीवर कॅलेंडरांतून कापलेली जेटं चिकटवलेली बघून तो पिशवीचं विसरला.

"चाचा, हे उलटं लावलंय," तो म्हणाला.

"उलटंच उडत होतं," मी म्हणालो.

तो हसत हसत स्टुलावर बसला तो तासभर उठला नाही. जाताना म्हणाला, "तुम्ही लाँचींच्या खोळी शिवता ना? एक जेटची शिवाल?"

मला वाटलं, थट्टा करतोय. तो खरंच विचारत होता.

मुहर्रकमध्ये एक तांत्रिक शाळा होती, बंद पडलेली. तिच्या मागच्या आवारात काँक्रीटवर एक जुनं लढाऊ जेट उभं होतं. एकाच माणसाने बसायचं, एका इंजिनाचं. कुठल्या जातीचं ते मी लिहीत नाही. लिहिलं की जाणकार भांडायला येतात. शाळेतल्या पोरांना शिकवायला म्हणून कधीतरी आणून ठेवलेलं आणि विसरलेलं. आता जागेच्या मालकाला तिथे गोदाम बांधायचं होतं. वसईकर आणि त्याच्यासारखे चार-पाच वेडे मिळून ते वाचवायच्या मागे लागले होते. संग्रहालयवाल्यांना त्यांनी तयार केलं होतं, पण अट होती. उन्हाळा संपला की ती माणसं येऊन बघणार. जेटचा पत्रा धड असेल तर नेऊन छपराखाली ठेवणार, सडलेला असेल तर नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं की भंगारवाल्याचा ट्रक.

"तोवर उन्हापासून झाकायला हवं," वसईकर म्हणाला. "रंग उडतोय, वरची काच तडकायला लागलीय. आणि चाचा, आमच्यात एक हाजी आहे. तो त्या जेटसाठी जीव टाकतो. त्याची बायपास झालीय. ते एकदा छपराखाली गेलेलं त्याला बघायचंय, एवढंच."

हाजी म्हणजे मुहर्रकचाच म्हातारा अरब, माझ्याहून मोठा. इंग्रज असताना विमानतळावर पोरसवदा हेल्पर म्हणून लागला होता आणि पुढे मेकॅनिक होऊन निवृत्त झाला. या जातीची जेटं त्याच्या हाताखालून गेली होती. पहिल्या भेटीत त्याने मला नखशिखांत बघितलं आणि हिंदीत विचारलं, "तंबूवाला?"

"कवरवाला," मी म्हणालो.

"माप कैसे लेगा?"

"जैसे आदमी का लेते हैं. खड़ा करके."

तो हसला नाही, पण शिडी धरायला आला.

माप घ्यायला मी फेब्रुवारीत रोज जायचो. वसईकराने कॉम्प्युटरवरून कागद काढून आणले होते, त्यावर सगळ्या लांब्या-रुंद्या होत्या. मी सुतळी घेतली आणि गाठी मारत गेलो. त्याचे कागद चुकीचे नव्हते, पण जेटचं पोट कुठे वळतं ते कागदाला हात लावून कळत नाही. खरं सांगायचं तर मापाचं निमित्त होतं. मला ते हाताने बघायचं होतं. जन्मभर जे डोक्यावरून गेलं ते आता माझ्यासमोर उभं होतं आणि हलत नव्हतं.

पहिलं नवल म्हणजे त्याची शिवण. पत्र्याचे तुकडे एकाला एक जोडलेले, रिबिटं पत्र्यात इतकी दाबून बसवलेली की तळवा फिरवला तर लागत नाहीत. माझ्या आयुष्यात इतकी साफ शिवण मी बघितली नाही. नाकाच्या बाजूला दोन तोंडं, हवा गिळायला. एका तोंडात मी खांद्यापर्यंत हात घातला.

"अंदर क्या ढूंढता है?" हाजीने खालून विचारलं.

"किधर तक जाता है?"

"इंजन तक. हाथ निकालो, अंदर बिल्ली रहती है."

मी हात काढला. मांजर खरंच होती, आणि पिल्लं. ती मोठी होईपर्यंत त्या तोंडाचं माप थांबलं.

पंखाच्या टोकाला एक बारीक नळी पुढे आलेली होती, काडीसारखी. ती कशाला म्हणून मी हाजीला सोडलं नाही. तो म्हणाला, ही वारा खाते आणि पायलटला सांगते तू किती जोरात जातोयस. हिच्यात एक माशी घुसून बसली तर पायलट आंधळा. म्हणून जमिनीवर असताना तिला टोपी घालायची आणि टोपीला लाल फीत लावायची, उडायच्या आधी काढायला कोणी विसरू नये म्हणून.

"ये तो उड़ेगा नहीं," मी म्हणालो.

"फिर भी लाल," हाजी म्हणाला.

मी लाल लावली.

घरी बायकोने मशीनवर पसरलेला तो अवाढव्य कपडा बघितला. दुकानात मावत नव्हता म्हणून गच्चीत आणला होता. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "लग्नापासून मला एक परकर शिवून दिला नाय. आणि विमानाला झबलं."

"तुझं माप सारखं बदलतं," मी म्हणालो.

त्या रात्रीचं जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

भांडण झालं ते पोटावरून. खोळ जेटच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी खाली येणार होती. मी खाली दोन्ही काठांना पितळी कड्या बसवल्या होत्या. नाकापासून शेपटीपर्यंत पोटाखालून दोरीने घट्ट आवळायची, बुटाची नाडी बांधतात तशी. हाजीने त्या कड्या बघितल्या आणि मान हलवली. तो मला सदीक म्हणायचा, त्यांच्या भाषेत दोस्त.

"सदीक, पेट खुला रखो. नीचे बांधना मत."

"रेती जाएगा अंदर."

"रेती जाएगा, रेती निकलेगा. पानी जाएगा तो नहीं निकलेगा."

"पानी किधर है, हाजी? इधर साल में दो बार बारिश, वो भी शरमाते हुए."

"तुम कपड़े का आदमी है. मैं तय्यारे का आदमी है." तय्यारा म्हणजे त्यांच्या भाषेत विमान.

"तय्यारा तुम्हारा, कपड़ा मेरा," मी म्हणालो. "मेरा एक भी कवर आज तक वापस नहीं आया."

हे खरं होतं. आणि खोळ कशी बांधायची हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या खाडीला पावसाळ्याआधी होड्या ओढून वर घेतात. माझा बाप नारळाच्या झापांनी होडी अशी गुंडाळायचा की बोट आत शिरणार नाही. वरून, खालून, सगळीकडून सुंभाने आवळून. वारा शिरला की झाप उडतं, झाप उडलं की लाकूड कुजतं. हे मी दुधाबरोबर प्यायलोय. खालून उघडी खोळ म्हणजे बिननाडीचा लेंगा. माझ्या हातून ते होणार नव्हतं.

वसईकर मध्ये पडला. "चाचा, हाजी एवढं म्हणतोय तर..."

"तू एक्स-रे काढ," मी म्हणालो.

मी फुकट शिवत होतो म्हणून त्यालाही जास्त बोलता येईना. हाजीने खोळीचा काठ हातातून सोडला. मग म्हणाला, "खलास. तुम्हारा कपड़ा, तुम्हारा हाथ." आणि जाऊन सावलीत बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये खोळ चढली. अशी बसली, अशी बसली की मी स्वतःच दोन वेळा भोवती फिरलो. कुठे सुरकुती नाही. पंख, शेपूट, वरच्या काचेचा फुगवटा, सगळं कपड्यातून कळत होतं. वसईकराने फोटो काढले, त्यांच्या ग्रुपवर टाकले, कुठून कुठून लोकांनी अंगठे पाठवले. हाजी आला, बघितलं, माशाल्ला म्हणाला आणि पोटाकडे न बघता गेला.

इथला उन्हाळा मी लिहायला नको. पण ऑगस्ट-सप्टेंबरातली हवा लिहायला हवी. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा होतो. सकाळी गाडीची काच कोणी धुतल्यासारखी असते. छपराच्या कडेवरून थेंब पडतात आणि आकाशात ढग एक नाही. इतकी वर्षं मी त्याला नुसतं उकाडा म्हणत आलो. ते पाणी आहे असं माझ्या मनात आलं नव्हतं.

सप्टेंबरात एकदा पहाटे फजरच्या नमाजानंतर मी आवारात गेलो. काम काही नव्हतं, खोळ बघायची होती. वॉचमनने गेट उघडून दिलं. जेटच्या पोटाखाली काँक्रीटवर एक ओला पट्टा होता, नाकापासून शेपटीपर्यंत, दोरीच्या बरोबर खाली. मला वाटलं, कुत्रं. पण कुत्रं इतकं सरळ चालत नाही. मी वाकलो, आणि मानेवर थेंब पडला.

दोरी सैल करून मी हात आत घातला. भाताच्या टोपावरचं झाकण उचललं की आतून जसं असतं तसा कपडा आतून गळत होता. पत्र्यावर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड आली, तांदळाच्या पिठासारखी. वास घेतला, वास नव्हता. जिभेला लावली. खारट.

पोटाखालची सगळी दोरी सैल केली आणि दुकानात आलो. हाजी बरोबर होता हे मान्य करायला मी लगेच तयार नव्हतो, असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. मला आधी कळायला हवं होतं की ते पाणी आत गेलं कुठून. वरून एक टाका सुटला नव्हता, मी सगळे तपासले. पाऊस नाही, नळ नाही. मग?

संध्याकाळी मी बायकोच्या स्वयंपाकघरातून जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, तीन टोप काढले. विमान आणि जर्मनचा टोप एकाच घरातले, हे मला हाजीनेच सांगितलं होतं.

"आता ह्यांचं काय करताय?" तिने विचारलं.

"गच्चीवर ठेवणार."

"आणि भात कशात करू, तुमच्या टोपीत?"

एक टोप मी खोळीच्या उरलेल्या कपड्यात सगळीकडून गुंडाळला आणि खालून आवळला, अगदी जेटसारखा. दुसऱ्यावर तोच कपडा छत्रीसारखा वरून टाकला, खाली मोकळा. तिसऱ्याला कपडा पुरला नाही. बायको मागोमाग वर आली होती, माझं चाललंय काय ते बघायला. खजुरीच्या पानांची एक जुनी चटई पडली होती, तीच तिने तिसऱ्याभोवती गुंडाळली. म्हणाली, "बिचाऱ्याला मोकळा श्वास तरी घेऊ दे."

पहिल्या सकाळी मला काही विशेष दिसलं नाही. मी टोप तसेच ठेवले. रोज उठून गच्चीवर, रोज कपडा उचलून आत बोट. चार-पाच दिवसांत फरक दिसायला लागला. आवळलेल्या टोपाला आतून घाम, आणि तो दिवसाही सुटेना. छत्रीवाला सकाळी दमट, नऊ वाजता कोरडा. चटईवाला त्याहून कोरडा.

मी ती चटई हातात घेऊन उन्हापुढे धरली. पानांच्या मधून हजार ठिकाणी उजेड येत होता. आणि मला बापाची झापं आठवली. तीही विणलेलीच. बाप आवळायचा ते खरं, पण ज्याने आवळायचा त्यातून वारा जात-येत होता. थेंब घसरून जायचा आणि दमट हवा बाहेर पडायची. मी बापाची गाठ घेतली आणि कपडा घेतला प्लास्टिकचा लेप दिलेला. ओली हवा काँक्रीटकडून, दोरीच्या फटीतून हळूच शिरत होती, गार झाली की पाणी होत होती, आणि पाण्याला बाहेर जायला वाट मी ठेवलीच नव्हती.

हे कळलं तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी मजा वाटली. काय सुंदर भानगड आहे. मग संग्रहालयवाल्यांची आठवण झाली. ऑक्टोबर तोंडावर आला होता.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, मी दोन टोप पिशवीत घालून हाजीच्या घरी गेलो. तो मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, एकटाच बसला होता. त्याने कहवा ओतला.

"खाना लाया?" पिशवीकडे बघून त्याने विचारलं.

"पानी लाया, हाजी."

मी आवळलेला टोप सोडला आणि त्याच्या पुढे धरला. त्याने आतून बोट फिरवलं. मग मी छत्रीवाला दिला. त्यातही फिरवलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला होता.

"पेट में पाउडर?"

"है. सफेद."

"छेद?"

"मेरे हाथ को नहीं लगा. दोरी मैंने ढीला किया है, आठ दिन हुआ."

"आठ दिन हुआ, और आज आया?"

"पहले समझना था."

"मैं समझाया था. मार्च में." त्याने फिंजान, तो कहव्याचा छोटा कप, जोरात खाली ठेवला. "सदीक, वो लोग आएगा तो क्या देखेगा? सीट नहीं देखेगा, इंजन नहीं देखेगा. नीचे झुकेगा और पेट पे अंगूठा घिसेगा. अंगूठा सफेद हुआ तो खलास. मेरे पास दूसरा तय्यारा नहीं है. दूसरा टाइम भी नहीं है."

मी चूक झाली असं म्हणालो नाही. मी म्हणालो, माझा कपडा या हवेला चालत नाही. तेही खरंच आहे.

"पाउडर निकलता है क्या?" मी विचारलं.

त्याने टोपात पुन्हा बोट फिरवलं. "नया है तो निकलता है. सुखाना पड़ेगा. घिसना पड़ेगा, धीरे धीरे, फिर तेल का हाथ. लेकिन कपड़ा फिर बंद हुआ तो फिर आएगा."

"बंद नहीं होगा. मैं काटूंगा."

"तुम? अपना कवर काटेगा?"

"दूसरे को हाथ नहीं लगाने दूंगा."

तेव्हा तो हसला, पहिल्यांदाच. नुसता हसला नाही, खोकला येईपर्यंत हसला, आणि आतून कोणीतरी धावत बघायला आलं. मग त्याने टोप पुसून मला परत दिले आणि म्हणाला, तुझी बायको शिव्या देत असेल.

पुढे ऑक्टोबरात ती माणसं आली. हाजी म्हणाला होता तसं वाकून पोटावर अंगठा घासला. काळा झाला, पांढरा नाही. जेट आता छपराखाली आहे आणि हाजी शुक्रवारी जाऊन त्याच्या पुढे खुर्चीत बसतो. वसईकराने फोटो काढलेत, त्यात सगळं दिसतं. फोटोत नाही ती हाजीच्या घरून आल्यानंतरची सकाळ.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मोठी कात्री, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन आवारात गेलो. हाजी माझ्या आधी आला होता, जुन्या बनियनच्या चिंध्यांचा ढीग घेऊन. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला, त्यावर पाठ टेकून जेटच्या पोटाखाली सरकलो आणि नाकाकडून कापायला सुरुवात केली. कड्या एकेक करून छातीवर पडत होत्या. शेपटीपर्यंत कापत गेलो, दोन्ही काठ गुडघाभर वर घेतले. हाजी म्हणाला, बस, अब छोड़ो. मी सोडलं नाही. कापलेली कड उघडी ठेवली तर ती उसवते, आणि माझ्या दुकानातून उसवलेला माल जात नाही. पडल्या पडल्या मी कड दुमडून हाताने तुरपाई करत गेलो. शेजारी दुसऱ्या पुठ्ठ्यावर हाजी आडवा होऊन चिंधीने पत्रा घासत होता. चाकांच्या जागेपाशी आलो तेव्हा कपडा बाजूला झाला आणि वरची पोकळी दिसली. आत अंधारात नळ्यांचं जाळं, कुठून कुठे जातंय कळेना. मी सुई कपड्यात टोचून ठेवली, बोट वर केलं आणि हाजीला विचारलं, ती जाडी नळी कसली.